काडीच्या मापाचे बूट

मी डावा बूट बोलतोय. उजवा स्वभावानं गरीब, तो गप्प बसतो. मला ते जमत नाही. उंबऱ्याबाहेर असलो तरी घरातला शब्दन् शब्द माझ्या कानावर येतो. आणि सांगून ठेवतो, माझं डोकं फिरलेलं आहे.

मला बेअरफूट बूट म्हणतात. तळ पातळ, टाच सपाट, पुढं बोटं पसरायला जागा. बूट घालूनही पायाला अनवाणीच वाटावं, एवढंच माझं काम. बीदरच्या एका दुकानात खोक्यात सुखानं पडून होतो.

तिथं जनवाड्याचा बाबूलाल आला. त्याची लेक राजश्री शाळेच्या मैदानावर अनवाणी पळायची. कलबुर्गीला पोलीस भरतीची धाव होती, म्हणून मास्तरांनी तिला असले बूट सांगितले होते. बाबूलालनं खिशातून काय काढावं? खराट्याची काडी! लेकीच्या पावलाएवढी मोडलेली.

दुकानदार गुरुबसव हसला. "अण्णा, पळणार कोण? पोरगी का काडी?"

"आमच्याकडं नवरीच्या चपला बी काडीवरच घेतेत. तुमी माप बघा."

काडी माझ्यात घातली. टाचेपासून टोकापर्यंत अगदी घट्ट बसली. "झालं की!" म्हणाला बाबूलाल.

काय झालं, कपाळ? काडीला रुंदी असते? काडीला करंगळी असते? माप घेतलं ते सकाळी, पोरीला बाजेवर बसवून, तेही नुसत्या उजव्या पायाचं. राजश्रीचा डावा पाय मोठा. आणि डावा म्हणजे माझ्या वाट्याचा!

"बसले का गं?" घरी आई चांगुणाबाईनं विचारलं.

"बसले की," राजश्री म्हणाली. खोटं! तिचा अंगठा माझ्या टोकाला टेकला होता, करंगळी कडेला चेपली होती.

शेजारच्या सुमनबाई डोकावल्याच. "अगं बया, बदकाच्या पायावानी दिसायलेत!"

"दिसू द्या. अप्पांनी आणलेत," राजश्री म्हणाली.

आठ दिवसांत नख काळं पडलं. पोरगी दात खाऊन पळायची, पण बोलायची नाही. मला वाटे, आपणच उसवून तिला मोकळं करावं. पण मेली शिवण पक्की.

कलबुर्गीला शेवटच्या वळणावर ते नख माझ्या आत मोडलं. ती लंगडली. दोन सेकंद कमी पडले. वर्षभर पहाटे उठून केलेला सराव दोन सेकंदांत गेला.

घरी येताच बाबूलालनं मला अंगणात भिरकावलं. "बुटातच खोट हाय!"

माझ्यात? आणि तुझ्या काडीत काय होतं रे?

राजश्रीनं मला उचलून आणलं. संध्याकाळची वेळ, दिवसभरानं पाय फुगलेले. तिनं वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर ताठ उभी राहिली आणि आईकडून दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवून घेतली. मग कागदाचं डावं पाऊल कापून माझ्यात सरकवलं. कडा वर मुडपल्या.

"अप्पा, कागद बी वाकायलाय बघा."

"मग तवाच कामून बोलली न्हाईस?"

"तुमी हौसेनं आणलाव म्हणून."

बाबूलाल पायरीवर बसला. माझ्या आत बोटं घालून कितीतरी वेळ चाचपत राहिला.

पुढच्या भरतीसाठी ती स्वतः दुकानात गेली, संध्याकाळी, दोन्ही कागद घेऊन. उभं राहून बोटं पसरली, अंगठ्यापुढं बोटभर जागा पाहिली, दुकानातच चार फेऱ्या पळाली, मगच नवे बूट घेतले. भरती निघेल तेव्हा निघेल. माझा राग काही जात नाही. हे सगळं आधी करायला कुणाच्या बापाचं काय गेलं असतं?

मी आता खुंटीला लटकतो. काल सुमनबाई आल्या. "बाबूलाल अण्णा, बीदरला जायलाव न्हवं? आमच्या सुनंच्या चपला आणा," म्हणत त्यांनी काडी पुढं केली.

बाबूलालनं मला खाली काढलं. आतला रक्ताचा काळा डाग दाखवला.

"सुमनबाई, चालणार कोण? सून का काडी?"

बाई ओशाळल्या. "सून घरीच हाय. हाक मारते," म्हणाल्या आणि वळल्या.

पण काडी अजून मुठीतच. अहो बाई, मोडा ती! माझ्यादेखत मोडा.