पाठीचा प्रवेश

ज्याच्या आवाजाने शेवटच्या रांगेत पेंगणारी माणसं दचकून उठायची, त्या नटाचं नावच लोकांनी ‘तोफ’ ठेवलं होतं. त्याने मूकपट काढायला घेतला, तेव्हा गावभर हसं झालं.

“तोफेतली दारू संपली वाटतं!” नाटकमंडळीचा मालक म्हणाला. तरी भांडवल त्यानेच घातलं. आईचं काम तोफेची थोरली बहीण करणार होती, आणि ताईचा चेहरा पाहायला लोक दारं मोडायचे. शिवाय गावात थिएटर एकच, तेही मालकाचंच.

शेवटचा प्रवेश आला. मुलगा परत येणार नाही हे आईला कळतं, आणि ती त्याच्या सदऱ्याची घडी घालते. एवढंच.

“ताई, कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहा.”

“काय म्हणालास?”

“पाठ. तोंड दिसायला नको.”

“अरे, लोकांना पाठ दाखवायची नाही, हे तुला मिसरूड फुटायच्या आधी मीच शिकवलं! जन्मभर रंगमंचावरून खेकड्यासारखी तिरकी बाहेर पडले मी. आणि आज पाठ?”

मालक खुर्चीतून उठला. “लोक चेहरा बघायला येतात, अंबाडा नाही. तोंड समोर, आणि आधी पडद्यावर अक्षरांची पाटी, ‘हाय रे माझ्या बाळा!’ नाहीतर माझ्या थिएटरात पुन्हा तुझा खेळ लागणार नाही.”

“आई ‘हाय’ म्हणते ती तुमच्या नाटकात, मालक. घरात तिचा घसा बंद होतो.” तो ताईकडे वळला. “बाबा आठवतात? गात गात देवाच्या गोष्टी सांगायचे. भक्ताचा शेवट आला की गाणं थांबायचं. लोकांकडे पाठ करून देवाकडे बघत राहायचे. सूर नाही, शब्द नाही. सगळी माणसं तेव्हाच रडायची.”

“मला वाटायचं, त्यांना पुढचं आठवत नाही.”

“मलाही तसंच वाटायचं.”

ताई हसली आणि डोळे पुसून वळली. “फसलं ना, तर तुझा कान पिळीन.”

तिने सदऱ्याची बाही दुमडली, पुन्हा उलगडली, पुन्हा दुमडली. मग खांदे हलले. कॅमेऱ्याचं हँडल फिरवणाऱ्याने हात न थांबवता आपलं नाक खांद्याला पुसलं.

पहिल्या खेळाला मालक दारातच तोफेची वाट अडवून उभा. “तुझी पाठ राहू दिलीय. पण तिच्याआधी माझी पाटी आहे, वेलबुट्टीसकट. कर आता काय करायचं ते.”

“करतो,” तो म्हणाला आणि अगदी पुढे जाऊन बसला.

शेवटचा प्रवेश आला. पडद्यावर वेलबुट्टी उमटली, तसा तो उठला आणि पडद्याकडे तोंड करून, हात पसरून उभा राहिला. मालकाचं ‘हाय रे’ त्याच्या कोटावर पडलं.

“अहो, बसा खाली!”

“अरे, तोफ आहे ती!”

ज्या माणसाने लोकांना कधी पाठ दाखवली नव्हती, तो त्यांच्याकडे पाठ करून गप्प उभा होता. अक्षरं गेली, तसा तो खाली बसला. समोर ताईची पाठ, आणि ती बाही. खेळाला साथ करणाऱ्या पेटीवाल्याने पेटी आपणहून थांबवली. थिएटर असं शांत झालं, जणू देवच मधे येऊन बसला. मग पार शेवटच्या रांगेतून कुणाचा तरी हुंदका आला. इतकी वर्षं त्या रांगेपर्यंत पोचायला त्याने घसा फोडला होता.

बाहेर पायऱ्यांवर मालकाने सगळ्यांदेखत बोट उगारलं. “उद्यापासून इथे तोंड दाखवू नकोस!”

“तोंड नाहीच दाखवणार. ती पाटी निघेपर्यंत रोज पाठ दाखवीन. हाकला किती हाकलायचं ते!”

“आणि त्याच्या शेजारी मी असेन,” ताई म्हणाली. “पाठचा भाऊ आहे माझा.”

त्याचा हात धरून ती पायऱ्या उतरली. खेकड्यासारखी तिरकी नव्हे. सरळ, मालकाकडे पाठ करून.