उलटा टांगलेला नान

मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. माझं टोपण कधीच हरवलं, अंगावरची अक्षरं पुसली, आणि मित्रांनो, या घटकेला मी एका वाळक्या नानच्या पोटात दडून बसलो आहे. इथे काळोख आहे. अंगणात पावलं वाजली की माझ्या काळजात धस्स होतं. मी जन्माचाच भित्रा. तुम्हाला हसू आलं तर खुशाल हसा, पण माझी हकीकत ऐकून झाल्यावर हसा.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे आम्हा प्रत्येकाच्या पोटात एक क्रमांक घातला गेला. लाखो भावंडं, पण एकाचा क्रमांक दुसऱ्याला नाही. मला त्याचं केवढं अप्रूप वाटलं होतं! आपण कोणीतरी आहोत, असं मी स्वतःलाच सांगायचो. याच क्रमांकामुळे पुढे एका चांगल्या मुलीचा जीव टांगणीला लागणार आहे, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होतं?

फरगाना खोऱ्यातल्या एका गावच्या बाजारात मी मोबाइलच्या कव्हरांशेजारी लटकत होतो. एल्योर नावाच्या तरुणाने मला घेतलं. त्याचा मित्र बाहरोम लग्नांत गाणी वाजवायचा. एल्योर माझ्यात गाणी भरायचा आणि बाहरोम मला त्याच्या यंत्राला लावायचा. काय ते दिवस होते! माझ्या पोटातलं गाणं सुरू झालं की म्हाताऱ्या बायकासुद्धा पुलावाचं ताट बाजूला सारून हात वर करत नाचायला उठायच्या. "या चिमटीएवढ्या वस्तूवर माझं घर चालतं," असं बाहरोम चारचौघांत म्हणायचा आणि मी फुशारून जायचो.

मग सगळ्यांची गाणी फोनमध्ये गेली आणि माझी रवानगी बटणांच्या डब्यात झाली. एल्योर कामासाठी रशियाला निघाला, तो दिवस मी त्या डब्यातूनच ऐकला. त्याची आई सालोमत हिने तंदुरातून ताजा नान काढला. एल्योरने दातांनी त्याचा एक घास तोडून खाल्ला. उरलेला नान तिने खोलीतल्या भिंतीवर खिळ्याला टांगला. तो एल्योरने परत येऊन संपवायचा. तोवर त्याला ना माणूस तोंड लावतो ना उंदीर, असं सालोमत म्हणते. उंदरांबद्दल मला खात्री नाही.

एल्योरची थोरली बहीण मुनिसा पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत कामाला होती. दीड वर्षाने, ऑगस्ट सरत आला असताना, एका दुपारी तिने बटणांचा डबा उघडला आणि मला बाहेर काढून फुंकर मारली. बाहेर ऊन रणरणत होतं, पण तिची बोटं गार पडली होती. दुसऱ्या दिवशी तिने मला तिच्या कचेरीतल्या संगणकाला लावलं.

या वेळी माझ्यात गाणी आली नाहीत. सहा पानं आली. गावच्या शाळेत नवी बोअर खोदली होती. मुनिसाने तिचं पाणी तीनदा तपासलं आणि तिन्ही वेळा त्यात विष निघालं. त्याला ना वास होता ना चव. दोन सप्टेंबरला शाळा उघडणार होती आणि त्याच दिवशी मोठे पाहुणे येऊन त्या बोअरचं उद्घाटन करणार होते. म्हणून साहेबांनी अहवालावर 'गोपनीय' असा शिक्का मारला आणि तो कपाटात ठेवून दिला. मुनिसा त्यांच्याशी बोलायला गेली तेव्हा मी तिच्या खिशात होतो.

"साहेब, पोरं ते पाणी पिणार."

"पाहुणे जाऊ देत. मग बघू."

"आणि तोवर?"

"तोवर तू नळ्या धू. तुला पगार नळ्या धुवायचा मिळतो, बोलायचा नाही."

मुनिसा बाहेर आली. परदेशात बसून असे दडवलेले कागद इंटरनेटवर सगळ्यांसमोर मांडणारी काही माणसं आहेत. त्यांच्याकडे ही सहा पानं पाठवायची, असं तिने ठरवलं. स्वतःच्या फोनवरून पाठवायचा तिला धीर होईना. शनिवारी शेजारच्या गल्लीत लग्न होतं, बाहरोम तिथे येणार होता. मला त्याच्या हाती द्यायचं ठरलं. मला तर लग्नाचं नाव ऐकूनही नाचावंसं वाटलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी मोहल्ल्याचा पोलीस तुर्गुन गरम नान न्यायला आला. तो सालोमतच्या हातचाच नान खातो.

"ओपा, आमची साबो पहिलीत चालली!" तो म्हणाला. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो सालोमतला ओपा म्हणतो. "नातीने रिबिनींसाठी घर डोक्यावर घेतलंय. पुढचे दात पडलेत, बोबडं बोलते, पण रिबिनी दोन पाहिजेत, त्याही पांढऱ्या!"

"तुझीच नात. नखरे कुठून येणार मग?" सालोमत म्हणाली. दोघं हसली. तुर्गुनला थोरल्या भावासारखं आका म्हणणारी मुनिसा मात्र नान बांधता बांधता थांबली आणि आत निघून गेली.

शुक्रवारी दुपारी ती धापा टाकत घरी आली. सालोमत कणीक मळत होती.

"ओयी!" तिने आईला हाक मारली. "संगणकाने याचा नंबर लिहून ठेवलाय! कोणता पेनड्राइव्ह लावला ते सगळं त्यात उमटतं. मला माहीतच नव्हतं गं. शहरातून माणूस आलाय, प्रत्येकाच्या घराची झडती घेतायत."

मित्रांनो, तेव्हा मला कळलं. चुगली मीच केली होती. मी काही बोललो नव्हतो, पण माझ्या पोटातला तो क्रमांक मागे राहिला होता आणि तोच आता बोट दाखवत होता. मी सापडलो तर मुनिसा तुरुंगात जाणार आणि पोरं ते पाणी पिणार. मला लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती.

"तंदुरात टाक मेल्याला," सालोमत म्हणाली.

"आणि सहा पानं?"

मुनिसाने सगळीकडे नजर फिरवली. पेटी, गाद्या, तांदळाचा डबा, सगळं ते बघणार होते. मग तिची नजर भिंतीवरच्या नानवर गेली. तिने तो उतरवला आणि सुरी घेतली.

"मुनिसा! नानला सुरी? आणि तीही भावाच्या नानला?"

"माफ कर, ओयी. दुसरी जागा नाही."

आमच्याकडे नान हाताने मोडतात, सुरी लावणं पाप. सालोमत पुटपुटत राहिली, पण तिनेच दोन्ही हातांनी तो नान घट्ट धरला. मुनिसाने सुरीच्या टोकाने नानच्या पाठीकडून जाड कडेत भोक पाडलं आणि मला आत ढकललं. वर ओल्या कणकेचा गोळा दाबला. तेवढ्यात दार वाजलं. तिने घाईघाईने नान खिळ्याला अडकवला आणि दाराकडे धावली.

ती चूक तिच्या लक्षात आली नाही. नान उलटा टांगला गेला होता. नक्षीची बाजू भिंतीकडे आणि पाठ खोलीकडे. पाठीवर ओल्या कणकेचा पांढरा डाग.

शाळेच्या पाण्याचे कागद शोधत दोघं आले. एक शहरातला तरुण अधिकारी आणि दुसरा आपला तुर्गुन. मी आतून सगळं ऐकत होतो. पेटी उघडली, गाद्यांची शिवण उसवली, तांदूळ जमिनीवर ओतले. बटणांचा माझा जुना डबा पालथा झाला तेव्हा त्या प्रत्येक बटणाचा आवाज मला आत लागला. मुनिसाचा फोन त्यांनी घेतला. ती "हो जी, नाही जी" एवढंच बोलत होती. माझ्याभोवतीची कणीक अजून ओली होती. वाटायचं, ही आता गळून पडणार आणि मी सगळ्यांच्या पायाशी टपकणार.

"तंदूर कुठे आहे?" अधिकाऱ्याने विचारलं. सालोमत त्याला घेऊन अंगणात गेली. तो राखेत काठी फिरवू लागला.

खोलीत तुर्गुन आणि मुनिसा उरले. तुर्गुनची नजर भिंतीकडे गेली असावी. मित्रांनो, आमच्या गावात उलटा नान कोणाला बघवत नाही. परक्याच्या ताटातला उलटा पडला तरी माणूस बोलता बोलता हात लांबवून सरळ करतो. आणि दूर गेलेल्या लेकराचा नान उलटा टांगलेला! तुर्गुनचा हात आपोआप पुढे आला. त्याने नान उतरवला, फिरवायला धरला, आणि त्याचा अंगठा थेट ओल्या कणकेत रुतला. तो माझ्या अंगाला लागला.

मी थिजलो. तो अंगठा हलेना. बाहेर राखेत काठी फिरत होती.

मग तुर्गुन अगदी हळू आवाजात म्हणाला, "मुनिसाजोन, माझ्या साबोला शाळेत पाण्याची बाटली घरून देऊ का?"



"द्या, आका," ती म्हणाली. "रोज द्या."

तुर्गुनने कणीक अंगठ्याने नीट दाबली आणि नान सरळ टांगला. अधिकारी परत आला.

"तिथे काय आहे?"

"पोराचा नान आहे. रशियाला गेलाय. उलटा टांगला होता या बायकांनी, सरळ केला."

अधिकाऱ्याने वर पाहिलं असावं. हात छातीशी नेऊन, नानला मान लववून तो "सुखरूप येऊ दे" असं म्हणाला आणि दोघं निघून गेले. मुनिसा तिथेच जमिनीवर बसली आणि हुंदके देऊ लागली. सालोमतने तांदूळ गोळा करायला घेतले.

शनिवारी मुनिसाने मला नानमधून काढून लग्नात नेलं आणि बाहरोमने मला ओळखलं. "अरे, हा तर आपला म्हातारा!" तो हसला. मुनिसाने त्याच्या कानात सगळं सांगितलं तेव्हा त्याचं हसू मावळलं. "माझ्या मुली त्याच शाळेत आहेत," एवढं बोलून त्याने मला त्याच्या संगणकाला लावलं. माझी जोडणी सैल झाली होती. मधेच सुटलो तर? एखादं पान फाटलं तर? मी जीव मुठीत धरून होतो. शेजारी ढोल वाजत होता आणि माझ्यातून एक एक पान परदेशातल्या त्या माणसांकडे जात होतं. सहावं गेलं तेव्हा कुठे मी सुटलो.

रविवारी ती पानं गावातल्या प्रत्येक फोनवर होती. दोन सप्टेंबरला पाहुणे आलेच नाहीत. बोअरवर झाकण ठोकून कुलूप घातलं गेलं. पोरं घरून बाटल्या घेऊन शाळेत गेली.

तुम्ही म्हणाल, मग आता भीती कसली? साहेबांनी जाहीर केलं की ते कागद खोटे आहेत, कोणीतरी मागाहून बनवले. ते आधीच तयार झाले होते याची तारीख फक्त माझ्या पोटात आहे. मुनिसाची नोकरी गेली. तिला रोज चौकशीला बोलावू लागले. एका सकाळी सालोमतने तंदुरातून नान काढला, मुनिसाने त्याचा एक घास तोडला आणि ती सीमेपलीकडे निघून गेली. लग्नानंतर मी पुन्हा एल्योरच्याच नानमध्ये होतो; तो वसंतात परत यायचा होता, त्याच्या दाताखाली मी नको, म्हणून सालोमतने मला मुनिसाच्या नानमध्ये हलवलं. आता त्याला दोन वर्षं होतील. एल्योरने येऊन आपला नान चहात बुडवून कधीच संपवला.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझ्यासारखे बाजारात पैशाला पासरी मिळतात. पण तुमच्यातलं कोणी भीत भीत खरं बोललं, तर त्याला एकटं पाडू नका. शूर माणसाचं कसंही निभतं. मुनिसा शूर नव्हती. मी तिच्या खिशात होतो, तिचे हात कसे कापत होते ते मला ठाऊक आहे.

आत्ता अंगणात पावलं वाजली. मी घाबरलो आहे. कोणीतरी स्टूल ओढलं, कोणीतरी वर चढलं. नानवर टकटक झाली.

"आजी, हा दगड झालाय! मुनिसा ओपा आता कसा खाणार?"

साबोचा आवाज आहे. आता ती बोबडं बोलत नाही. तिचे पुढचे दात आले असावेत.

"चहात बुडवून," सालोमत म्हणाली. "उतर खाली. आणि आधी बघ, सरळ टांगलाय ना?"

"सरळ आहे," साबो म्हणाली.