टेपचं दुसरं टोक

मी जीवशास्त्र शिकवते आणि चिखलात उतरल्यावर मला वायफळ बडबड खपत नाही. माझी सख्खी भाची माझ्याच वर्गात, आणि तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नाही. निघताना ताईने बजावलं होतं, "पोर तुझ्या भरवशावर पाठवतेय."

ओहोटीला खाडीच्या चिखलात मोजमापाची लांब टेप ताणून आम्ही तिच्या कडेने खेकड्यांची बिळं मोजत होतो. एक टोक माझ्याकडे, दुसरं पाण्याच्या बाजूला भाचीकडे. बाकीची मुलं आटपून काठावर पाय धूत होती. तेवढ्यात धुकं असं उतरलं की स्वतःचे गुडघे दिसेनात. भरतीची वेळही झालेली.

अशा वेळचा नियम मीच घालून दिलाय. धुक्यात आवाज फसवतो, टेप फसवत नाही. दोन हिसके द्यायचे, दोन परत आले की टेप धरून माणसापाशी जायचं.

मी दोन हिसके दिले. दोन परत आले. माझा जीव भांड्यात पडला.

मग उजवीकडून, बऱ्याच लांबून, तिची हाक आली. "मावशी, टेप सुटली गं माझ्या हातातून."

"गप्प बस आणि जागची हलू नकोस," मी खेकसले आणि पुन्हा हिसके दिले. लगेच दोन परत आले.

"ती मी नाहीये, मावशी. देवाशप्पथ." आता ती रडत होती.

पाणी घोट्याला लागलं होतं, कुठल्या तरी एकाच बाजूला जाता येणार होतं. मी टेप धरून गेले.

टोकाला भाचीच होती. तिचाच पिवळा रेनकोट, तिचीच विस्कटलेली वेणी. हात गारठलेला. "कार्टे, मस्करी सुचतेय तुला?" म्हणत मी तिला खेचत काठावर आणलं. वाटेत ती चकार शब्द बोलली नाही. घाबरली असेल, मी मनाशी म्हटलं. मागून हाका येतच होत्या. धुक्याचे खेळ, असंही म्हटलं.

काठावर पाय ठेवते तोच ताईचा फोन. "आली ना गं नीट?"

"आली. ही काय, माझ्या शेजारीच उभी आहे."

"ऐकतेय की तिचा आवाज," ताई हसली. मग हसणं थांबलं. "पण शेजारी आहे, तर ती इतक्या लांबून का हाका मारतेय?"

मी वळून पाहिलं. धुक्यातून दिसेल तिथवर चिखल उरला नव्हता, सगळं पाणी झालं होतं.