चार बोटं

दातांच्या डॉक्टरांनी बारा वर्षं वापरलेली आपली चार दारांची गाडी दोघा भावांच्या वर्कशॉपमध्ये आणून उभी केली आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. कागदावर त्यांनी स्वतः पेन्सिलीने एक गाडी काढली होती. बुटकी, लांब नाकाची, दोनच दारांची.

"हिची ही करायची," ते म्हणाले.

थोरल्याने कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "डॉक्टर, ही तर पळायच्या आधीच जमिनीला टेकलीय."

"चेष्टा नको मिस्त्री. पुढच्या महिन्यात आमच्या शाळेची सगळी मंडळी जमणार आहेत. मी या गाडीतून उतरेन तेव्हा एकेकाचं तोंड बघायचंय मला."

"तोंडं तर तुम्ही रोजच बघता की," धाकटा म्हणाला, आणि तिघंही हसले. त्या गाडीपाशी तिघं मिळून हसले ते तेवढंच.

थोरला पासष्टीला आलेला, धाकटा त्याच्याहून सात वर्षांनी लहान. वर्कशॉप बापाच्या हातचं. बापाला आकडे वाचता येत नसत. तो सगळं बोटांनी मोजायचा, आणि त्याची चार बोटं पत्र्यावर आडवी ठेवली की बरोबर तीन इंच भरायची. सुतानं कमी नाही की सुतानं जास्त नाही. दोघा पोरांना बापाचाच हात मिळाला. थोरल्याने म्हणावं "दोन बोटं काप" आणि धाकट्याने स्वतःची दोन बोटं ठेवून कापावं, असं चाळीस वर्षं चाललं होतं. भिंतीवर टेप टांगलेला असे, पण तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. एकमेकांत टेप काढणं म्हणजे भावावर अविश्वास दाखवणं, असा त्या घरचा कायदा होता.

आता थोरल्याच्या हाताची गोष्ट सांगायला हवी. वर्षभर झालं, सकाळी उठल्यावर त्याची बोटं वळत नव्हती. गरम पाण्याच्या बादलीत अर्धा तास हात बुडवावा तेव्हा कुठे हातोडी मुठीत बसे. सांधे सुजून बोटांची पेरं जाड झाली होती. त्याने कुणाजवळ ब्र काढला नाही. बायको असती तर तिने पहिल्याच दिवशी ओळखलं असतं, पण ती जाऊन सहा वर्षं झाली होती. भीती एकच होती. म्हातारपणी बापाचा हात थरथरायला लागल्यावर याच दोघा भावांनी त्याला दारापाशी स्टुलावर बसवलं होतं. "तुम्ही आता नुसतं बघा," असं प्रेमानं सांगितलं होतं. बाप तिथे चार वर्षं बसून होता, आणि पत्र्यावर हातोडी पडली की त्याचा रिकामा हात मांडीवर हलायचा. थोरल्याने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. ते स्टूल त्याला नको होतं.

गाडी सोलायला आठवडा गेला. सीटा निघाल्या, काचा निघाल्या, मागची दोन दारं उतरली. त्या जागी धाकट्याने पत्रा बसवून वेल्डिंग केलं. थोरला आतून लोखंडी ठोकळा लावून धरी आणि धाकटा बाहेरून ठोकी, मग दोघं जागा बदलत. मडगार्डांना पोट आलं, नाक लांब झालं. राहिला टप. तो खाली आणायचा म्हणजे काच ज्यांच्यावर उभी असते ते खांब कापायचे, मधला तुकडा काढून टाकायचा आणि टप पुन्हा जोडायचा.

"किती?" धाकट्याने विचारलं.

"चार बोटं," थोरला म्हणाला.

टपाचं माप थोरल्याने धरायचं, हा बापाच्या वेळचा रिवाज. त्याने प्रत्येक खांबाच्या उतारावर चार बोटं आडवी टेकवली आणि खडूने खुणा केल्या. धाकट्याने कटर चालवला. कापलेले तुकडे खणखणत भंगाराच्या पिंपात पडले. त्याच दुपारी धाकटा जुनी काच घेऊन काचवाल्याकडे गेला.

"चार बोटं म्हणजे काय समजू मी?" काचवाला म्हणाला.

धाकट्याने त्याच्या टेपवर हात ठेवून दाखवला. "तीन इंच. डोळे मिटून काप."

काच आली त्या दिवशी डॉक्टर मुद्दाम दवाखाना बंद ठेवून आले होते. काचवाल्याने आणि धाकट्याने काच उचलली, खालची कड रबरात बसवली, वरून दाबली. काच बसेना. पुन्हा काढली, पुन्हा लावली. शेवटी काचवाल्याने टेप लावला आणि म्हणाला, "अर्धा इंच जास्त आहे ही."

"असं कसं होईल?" धाकटा म्हणाला.

"मला काय विचारतोस? तू सांगितलंस तेवढीच कापलीय." काचवाल्याने कड घासून पाहू म्हटलं. मशीन लावलं, आणि दुसऱ्याच फेरीला काचेला खालपासून वरपर्यंत तडा गेला.

आता डॉक्टर धाकट्याकडे वळले. "माप तुम्ही दिलंत?"

"हो. मीच दिलं."

"शाब्बास! उद्या मी शेजारचा दात उपटला आणि म्हटलं, अर्ध्या इंचानं चुकलो, तर चालेल तुम्हाला?"

धाकट्याने मान खाली घातली. "चूक माझी आहे, डॉक्टर."

थोरला दोन हात अंतरावर उभा होता. त्याने आपल्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं. तो मागच्या खोलीत गेला, दार लोटलं आणि टेपवर चार बोटं ठेवली. साडेतीन भरली. पुन्हा ठेवली. साडेतीनच.

बाहेर जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. तो बाहेर आला तेव्हा डॉक्टर तणतणत निघून गेले होते आणि धाकटा फुटक्या काचेचे तुकडे गोळा करत होता. "दादा, माफ कर," तो म्हणाला. "बाबांचं नाव घालवलं मी."

"होतं असं," थोरला म्हणाला. तोंडातून तेवढंच निघालं. आणि मग धाकटा जेवायला गेल्यावर त्याने भंगारवाल्याला हाक मारून बोलावलं आणि पिंप रिकामं करून दिलं, खांबांच्या तुकड्यांसकट.

नवी काच यायला तीन आठवडे लागले. शाळेच्या मंडळींचा दिवस त्यात होऊन गेला. डॉक्टर तिथे मेव्हण्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसून गेले, असं त्यांनी फोनवर दोनदा ऐकवलं.

धाकटा त्या दिवसापासून टेप वापरू लागला. एकेक माप तीनदा घ्यायचा, खडूने लिहायचा आणि मग थोरल्याला विचारायचा, "दादा, बघ रे, बरोबर आहे ना?" थोरला बघायचा आणि हो म्हणायचा. हातोडी उचलण्याआधी धाकटा थबकायचा, जणू परक्याच्या वस्तूला हात लावतोय.

एका सकाळी धाकट्याची बायको डबा द्यायच्या निमित्ताने आली. नवरा पेंटच्या दुकानात गेलाय हे बघूनच आली होती.

"दादा, तुम्ही तरी समजवा यांना. जेवताना नुसते ताटाकडे बघत बसतात. काल स्वतःच्या बोटांना टेप लावून बसले होते. म्हणाले, तीन भरतात, बरोब्बर तीन. मग चुकलं कसं?"

थोरल्याने हातातला पॉलिशपेपर उगाच उलटा केला. "मग?"

"मग म्हणाले, बोटं ठीक आहेत, म्हणजे माझं डोकं जायला लागलंय. आईंसारखं." तिचा आवाज बारीक झाला. "आईंना शेवटी पोरंही ओळखू येत नव्हती ना, दादा? एसटीच्या डेपोत स्टोअरला माणूस हवाय. यांनी जाऊन विचारलंय. नटबोल्ट मोजून द्यायचे, बाकी काही नाही."

"मी बोलतो त्याच्याशी," थोरला म्हणाला.

तो बोलला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. रोज सकाळी बादलीत हात घालून बसला की त्याला सगळी वाक्यं पाठ असायची. वर्कशॉपचं शटर वर गेलं की तोंडाला कुलूप लागायचं.

गाडीवरचा शेवटचा रंग वाळला त्या शनिवारी धाकट्याने आपली हत्यारं पुसून एका फडक्यात बांधली आणि थोरल्यापुढे ठेवली. "ही तू ठेव. माझ्या हातात ती आता धोक्याची आहेत."

थोरल्याने फडक्याला हात लावला नाही. "चूक तुझी नव्हती."

"काय?"

"इकडे ये." थोरल्याने नव्या बॉनेटवर स्वतःचा पंजा टेकवला. "तुझा ठेव शेजारी."

धाकट्याने हात ठेवला. गडद रंगाच्या पत्र्यावर दोन पंजे शेजारी होते. आंधळ्यालाही कळलं असतं, हे एका बापाचे हात राहिले नव्हते.

"कधीपासून?" धाकट्याने विचारलं.

"वर्ष झालं. सांगितलं असतं तर तू मला स्टुलावर बसवलं असतंस."

"बसवलं असतं," धाकटा म्हणाला. "आणि तुकडे? खांबांचे तुकडे मोजले असते तर मला तिथेच कळलं असतं. ते शोधायला दुसऱ्या दिवशी मी पिंपात हात घातला होता. पिंप रिकामं होतं."

थोरल्याची नजर पिंपाकडे गेली.

"तू दिलेस? त्याच दिवशी?"

"तू जेवायला गेला होतास तेव्हा."

धाकट्याने हात काढून घेतला. ओरडला नाही, शिवी दिली नाही. "दादा, बोटं सुजतात रे. माझीही सुजतील उद्या. पण तीन आठवडे मी रोज सकाळी उठून बायकोचं नाव आठवतंय का ते बघत होतो. आणि तू समोर उभा राहून 'बरोबर आहे' म्हणत होतास."

"आता कळलं ना? आता डेपोत कशाला जातोस?"

"आता तर जायलाच हवं," धाकटा म्हणाला. हत्यारांचं फडकं त्याने उचललं, काखेला मारलं आणि मागे न बघता गेला.

डॉक्टर सोमवारी आले. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाहिलं, टपावरून हात फिरवला. रुसवा कुठल्या कुठे गेला होता. "मिस्त्री, माझ्या चित्रापेक्षाही बुटकी केलीत हो! काय रुबाब आहे!"

"अर्ध्या इंचानं बुटकी आहे," थोरला म्हणाला. "डॉक्टर, त्या काचेचं माप चुकलं ते माझ्यामुळे. भावानं बरोबर दिलं होतं. खांब मी जास्त कापले."

"कुठली काच?" डॉक्टर आत बसण्यासाठी वाकले, त्यांचं डोकं टपाला लागलं, तरी ते हसलेच. "अहो, ते मी केव्हाच विसरलो. धाकटे कुठे आहेत? फोटो काढू तिघांचा."

"तो आजपासून डेपोत लागला."

"अरे! मग सांगा त्यांना, माझा राग नाही म्हणावं."

"तुम्ही सांगा ना," थोरला दाराच्या कडेला हात ठेवून म्हणाला. "इथून दोन चौक आहे डेपो. बाहेर पडलात की डावीकडे वळायचं. खिडकीत बसलेला असेल. तुम्ही सांगितलंत तर... त्याची चूक नव्हती एवढंच. तुमच्या तोंडून."

"सांगतो की. त्यात काय."

डॉक्टरांनी इंजिन चालू केलं. आवाज त्या बारा वर्षांच्या जुन्या गाडीचाच होता. गाडी वर्कशॉपबाहेर पडली, रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली, डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघून हॉर्न दिला आणि उजवीकडे वळले.