साखरेच्या बरणीला सवत आली

मी साखरेची बरणी बोलतेय. काचेची, रुंद तोंडाची, लाल झाकणाची. आणि आधीच सांगून टाकते, मी जळकुटी आहे. आपली कहाणी सांगायला बसलं की जो तो आपण किती सोशिक, किती मोठ्या मनाचे तेच सांगतो. मला ते जमायचं नाही. मी जे भोगलं ते जळत जळतच भोगलं, आणि सांगणार तेही तसंच.

जळणं माझ्या जन्मातच होतं म्हणा. भट्टीत वाळू वितळवून तिचा रस केला, साच्यात ओतला, आत हवा फुंकली आणि मी पोटासकट बाहेर आले. माझ्या मानेपाशी एक बुडबुडा राहून गेला. तपासणाऱ्या माणसानं मला उजेडाकडे धरलं, "चालतंय," म्हणाला आणि पुढे ढकललं. माझ्या शेजारची बरणी मात्र बिनडागाची निघाली. तिला त्यानं हातात फिरवून फिरवून पाहिलं. कोण कोणाकडे किती वेळ बघतंय त्यावर नजर ठेवायची खोड मला तिथूनच लागली.

दुकानातून मला एका बाईनं उचललं. नुकतंच लग्न झालेलं, नवा संसार मांडायचा होता. ती घरीच शिवणकाम करते. पडदे, गणवेश, लोकांचे आखूड झालेले आणि घट्ट झालेले कपडे. नवरा शहरातल्या बसवर ड्रायव्हर. तिनं मला घरी आणलं, पुसलं, काठोकाठ साखर भरली आणि शेगडीच्या उजव्या हाताला, बरोबर हाताच्या उंचीवर ठेवलं. मिठाची बरणी खालच्या फळीवर गेली. लोक मिठाला जागतात म्हणे. जागोत बापडे, सकाळी उठल्यावर पहिला हात यायचा तो माझ्याकडेच.

माझं त्या घरातलं खरं काम मात्र वेगळंच होतं. त्या दोघांचं कधी वाजलं, की दोघंही गप्प. बोलायचं कोणी आधी, यावर सगळं अडून बसायचं. मग बाई चहा टाकायची आणि त्याच्या कपात एक चमचा साखर जास्त घालायची, तोंडातून एक शब्द न काढता. तो घोट घ्यायचा आणि म्हणायचा, "आज चहा फार गोड झालाय." झालं, भांडण मिटलं. दोघांमधला हा निरोप मी पोचवत होते, आणि हे काम दुसऱ्या कोणाला जमणारं नव्हतं याचा मला केवढा गर्व होता!

मग डेपोच्या डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासलं. साखर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या तपासणीपर्यंत खाली आणा. नाही आली तर गाडी देता येणार नाही, पासच्या खिडकीत बसावं लागेल."

हे त्यानं घरी येऊन सांगितलं तेव्हा तो खुर्चीत बसला होता आणि त्याचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबत होता. घरात बसलेला असतानाही त्याचे पाय गाडी चालवतात. "खिडकीत बसून मी काय करू गं?" तो म्हणाला. "मला रस्ता लागतो." बाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात माया नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी माझ्यातली जेमतेम चमचाभर साखर एका छोट्या वाटीत काढायला लागली. सगळ्या घराची दिवसाची साखर एवढीच. संध्याकाळी वाटीत उरलं तर उरलं, संपलं तर कोरा फिक्का चहा. मला वाईट वाटलं, पण मी समजून घेतलं. माणूस आजारी पडला की पथ्य आलंच. मला कमी वापरा, पण माझी जागा माझीच राहू द्या, एवढंच माझं म्हणणं.

तेवढ्यात वन्सं आल्या.

वन्सं म्हणजे त्याची धाकटी बहीण. घरात तिला सगळे छोटी म्हणतात. पलीकडच्या इमारतीत राहते, बँकेत नोकरी करते, आणि भावावर तिचा जीव आहे, यात खोट काढायला जागा नाही. भली मोठी पिशवी टेबलावर उपडी करत ती म्हणाली, "वहिनी, पांढरी साखर म्हणजे विष! ती घरातून घालवच तू. हे बघ, दादासाठी सगळं हेल्दी आणलंय."

पिशवीतून काय काय निघालं! म्युसलीचं खोकं, सकाळी दुधात घालून खायचं धान्य. फळांच्या रसाची उंच बाटली. आणि ती, मधाची बाटली. कमरेत बारीक, अंगावर फुलाचं चित्र, गळ्यात सोनेरी दोरा. तिला थेट जेवणाच्या टेबलावर मधोमध बसवलं, आणि मला उचलून सगळ्यात वरच्या फळीवर, मागे, जुन्या किसणीच्या शेजारी. सवत आली की असंच होतं.

वरून मला सगळं दिसत होतं. सकाळी कोमट पाण्यात एक चमचा मध. मग म्युसलीवर धार. मग चमच्याला चिकटलेला मध चाटायचा, आणि चाटून चमचा स्वच्छ झाला म्हणून पुन्हा बुडवायचा. वर फळांच्या रसाचा पेला. "अगं, हे तर औषध आहे!" ड्रायव्हरसाहेब म्हणायचे. आणि औषध कमी पडून कसं चालेल? साखरेसाठी मात्र तीच ती छोटी वाटी, काटेकोर. त्या घराची चूक होती ती ही. साखर म्हणजे मी, एवढंच त्यांना ठाऊक होतं. जे माझ्यातून निघत नव्हतं ते त्यांच्या लेखी गोडच नव्हतं.

मला मात्र वास यायचा हो. म्युसलीचं खोकं उघडलं की माझ्याच गोतावळ्याचा वास. रसाची बाटली उघडली की तोच. कोणाची मधमाशी, कोणाचा कारखाना, पण सगळी एकाच कुळातली. ती ओळख लपवून, हेल्दी म्हणून मिरवत होती, आणि मी उघड्या काचेतून माझं सगळं दाखवत असूनही विष ठरले होते. झाकणाखाली मी नुसती धुमसत होते.

आणि मी एकटी नव्हते बरं का. बाईपण धुमसत होती. ड्रायव्हरसाहेबांनी शेजाऱ्याला हाक मारून सांगितलं होतं, "छोटीनं काय शोधून आणलंय बघा! आता तब्येतीची काळजीच नाही." बाई बाजूलाच उभी होती. पथ्याची वाटी तिची, फिक्क्या चहाची बोलणी तिनं खाल्लेली, आणि कौतुक छोटीचं. त्या दिवशी मशीनवर तिचा दोरा सारखा तुटत होता.

मध्येच वन्संनी दादाला एका लॅबमध्ये नेऊन रक्त तपासून आणलं. म्हणाल्या, "आपली खात्री झालेली बरी." साखर खाली आली नव्हती. उलट चढली होती.

तिघंही स्वयंपाकघरात उभे राहिले आणि तिघांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्याकडे कोणी पाहिलं, ते असं. वन्सं हळूच म्हणाल्या, "वहिनी, रागावू नकोस, पण दादाचा हात अजून बरणीत जातोय."

"मी हातसुद्धा लावत नाही!" दादा म्हणाला.

बाई मशीनच्या खोलीत गेली आणि मापाची जुनी टेप घेऊन आली. आकडे पुसट झालेला भाग कापून टाकला, चांगल्या भागाचा एक तुकडा माझ्या पोटावर उभा चिकटवला, मला हलवून साखर सपाट केली आणि वाचलं. कपड्याचं माप घेते तसं माझं माप घेतलं. मग रोज सकाळी तेच. वाटीत साखर काढायची, मला हलवायचं, इंच बघायचे.

वाटीतल्या साखरेपलीकडे माझ्यातला एक दाणा हलला नव्हता. पण तेवढ्यानं संशय मिटला नाही, त्यानं नुसती वाट बदलली. एका संध्याकाळी ती म्हणाली, "घरात नाही ना, मग बाहेर खाताय तुम्ही. डेपोत."

"डेपोत मी पाण्याशिवाय काही घेत नाही."

"मग साखर हवेतून चढते का?"

तो म्हणाला, "रस्त्यावरची अनोळखी माणसं माझ्या भरवशावर डोळे मिटून झोपतात गाडीत. आणि तुला घरात माझा भरवसा नाही?"

बाईला बोलून गेल्याचं वाईट वाटलं, ते मला वरून दिसलं. तिनं चहा टाकला. सवयीनं तिचा हात वर, माझ्याकडे आला. बोटं काचेला टेकली. आणि तिथंच थांबली. आता तो जास्तीचा चमचा घालता येणार नव्हता. दोघांनी फिक्का चहा मुकाट्यानं प्यायला आणि ते भांडण तसंच राहिलं. मी एवढी भरलेली असून काही करू शकले नाही, याचं दुःख मला अजून आहे.

टेपचा उरलेला तुकडा ओट्यावर पडून होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, तो मधात चमचा बुडवून "वा!" म्हणाला आणि कामावर गेला, तेव्हा बाईनं त्या बाटलीकडे अशी काही नजर टाकली की मला वरून टाळी वाजवावीशी वाटली. "माझ्या बरणीवर पहारा आणि ही महाराणी मोकळी!" ती मोठ्यानं म्हणाली. घरात ऐकायला मी आणि किसणी. तिनं तुकड्याचे दोन तुकडे केले, एक मधाच्या बाटलीच्या कमरेवर चिकटवला, एक रसाच्या बाटलीवर, चित्राच्या मागच्या बाजूला. तिला काही चोर पकडायचा नव्हता. नवऱ्याचा जीव कुठं किती गुंतलाय ते तिला बघायचं होतं. दुसरं काही नाही, शुद्ध मत्सर.

तिनं मोजलं. रोज मोजलं. मध असा उतरत होता, जसा पेला कलंडावा. रस तर विचारूच नका.

रविवारी वन्सं नाश्त्याला आल्या तेव्हा बाईनं मला खाली काढलं आणि मधाच्या बाटलीशेजारी ठेवलं. पहिल्यांदाच आम्ही दोघी एका टेबलावर. "वन्सं, तुम्हीच वाचा इंच," ती म्हणाली. "माझ्या बरणीतलं बघा आणि तुमच्या बाटलीतलं बघा. तुमचं किती गोड लागतंय यांना!"

वन्सं वाचायला लागल्या ते हसत. मग हसू गेलं. त्यांनी रसाची बाटली उलटी फिरवली, म्युसलीचं खोकं फिरवलं, मागची बारीक अक्षरं वाचली. मग फोनवर काहीतरी शोधलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "यात पण साखर आहे. सगळ्यात आहे. मधपण शेवटी तेच."

ड्रायव्हरसाहेबांच्या तोंडात चमचा होता. तो त्यांनी सावकाश बाहेर काढला आणि कुठं ठेवावा ते न कळून हातातच धरून ठेवला. "अगं, पण हे तर औषध..."

वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे मीच माझ्या हातानं दादाला..."

मला वाटलं, आता आमची बाई हिशेब चुकता करणार. मी वाटच बघत होते. पण ती उठली आणि छोटीचे डोळे आपल्या पदरानं पुसले. "रडू नका हो," ती म्हणाली. "तुम्ही मायेनं आणलंत. मी तरी कुठं शहाणपणानं मोजलं? मी तर जळून मोजलं."

यावर आधी तो हसला. मग बाईपण. भांडण मिटलं, माझ्या चमच्याशिवाय.

डॉक्टरांनी ऐकून कपाळावर हात मारला. "गोड ते गोड," ते म्हणाले. "कुठल्याही बाटलीतलं असो, सगळं मिळून दिवसाचं मोजा. आणि फळ खायचं तर चावून खा, पिऊ नका."

मधाची बाटली गेली, रस गेला, खोकं गेलं. माझी छाती फुगली. आता शेगडीच्या उजव्या हाताची जागा आपलीच, असं मी धरूनच चालले होते. आणि बाईनं मला खाली काढलं, माझ्यातली सगळी साखर कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला देऊन टाकली, गरम पाण्यानं टेपसकट सगळं खरवडून काढलं आणि मला उपडं ठेवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात म्हणे. इथं चोरालाही दिली आणि संन्याशालाही.

माझ्या जागी आता अंगठ्याएवढी एक डबी आहे. घरातली साखर तेवढीच. ती ठेंगणी माझ्या जागेवर बसते, आणि तिचं तोंड बघवत नाही मला.

मला बाईनं मशीनच्या खोलीत नेलं आणि माझ्यात गुंड्या भरल्या. खिडकीशी ठेवलंय. मी तिथंच होते, जेव्हा तो डेपोतून तपासणीचा निकाल घेऊन आला आणि दारात उभा राहून नुसतं म्हणाला, "गाडी राहिली." बाईनं मशीनवर डोकं टेकलं आणि बराच वेळ वर उचललं नाही.

आता रोज दुपारी त्याची बस आमच्या खिडकीखालून जाते. वळणावर तो हॉर्न वाजवतो, समोर कोणी नसलं तरी. बाई चालती मशीन थांबवते, कान देते आणि हसते. इतकी वर्षं मी तिच्या घरात गोडी घातली, पण माझ्या कुठल्याही चमच्याला ती अशी हसली नव्हती. मला त्या हॉर्नचा मत्सर वाटतो. डबीचा वाटत नाही एवढा.

तुमच्या घरात माझी कोणी बहीण असेल. तिच्यावर डोळा ठेवा, खुशाल ठेवा, पण टेबलावर मिरवणाऱ्यांच्या पाठीवरची अक्षरंही वाचा. आणि आमच्या बाईला भेटलात तर माझा एक निरोप द्या. म्हणावं, मला पुन्हा साखरेनं भरू नकोस. गुंड्याच बऱ्या. मी इथं खिडकीत बसून जळत राहीन. हॉर्न तेवढा वाजत राहू दे.