टिल्लीची पडायची शिकवणी

मी बाथरूममध्ये पडले आणि तेव्हापासून माझ्या मुलाने एकच धोशा लावला, "आई, हे घर बंद कर आणि माझ्याकडे चल." हाडबिड काही मोडलं नव्हतं, नुसता मुका मार. पण भीती अशी बसली की पलंगापासून दारापर्यंत मी भिंतीला पालीसारखी चिकटून चालायचे. ते बघून त्याने जाहीरच केलं, "महिनाअखेरच्या रविवारी येतो. तुझं तुला जमत नसेल, तर सामान बांधायचं." मेल्याला चालायला मीच शिकवलं होतं!

मला हे घर सोडायचं नव्हतं. खिडकीजवळच्या खुर्चीचा हात माझ्या नवऱ्याच्या कोपराने झिजलाय. ती खुर्ची सोडून मी कुठे जाऊ?

म्हणून धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं. तिला सगळे टिल्ली म्हणतात. साठी उलटली तरी म्हणतात, कारण उंची काही वाढली नाही. टिल्ली जिम्नॅस्ट होती, आणि तीही देशाकडून खेळलेली. शाळेच्या कठड्यावरून पळताना एका प्रशिक्षकांनी तिला पाहिलं, आणि मग आमच्या घरात टिल्लीचं जेवण, टिल्लीची झोप, टिल्लीचे घोटे यांच्यापलीकडे विषयच उरला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण पावलाएवढ्या रुंदीच्या बीमवर ती उलटी कोलांटी मारायची, तेव्हा माझा जीव टांगणीला लागायचा तो लागायचाच.

तिच्या शेवटच्या स्पर्धेला मी समोर बसले होते. बीमवरून उतरताना तिचा घोटा गेला आणि तिला स्ट्रेचरवरून नेलं. पुढे आयुष्यभर तिने पोरी शिकवल्या. त्यांना झेलता झेलता उजवा खांदा कामातून गेला. तो हात आता वर जात नाही, वेणीसुद्धा ती डाव्या हाताने कशीबशी घालते.

मला वाटलं, आली की मला धरून चालवेल. कसलं काय! बाईने घरातल्या सगळ्या गाद्या जमिनीवर अंथरल्या आणि म्हणाली, "ताई, पड."

"डोकं फिरलंय का तुझं? पडू नये म्हणून बोलावलं ना तुला!"

"अगं, पडायची भीती पडता आलं की जाते. आमच्याकडे पहिला धडा हाच. हनुवटी छातीला लाव, हात ताठ टेकू नकोस, गुडघे सैल सोड आणि कुशीवर जा."

आधी बसून, मग गुडघ्यांवरून, मग उभ्याने. दर वेळी तिचा डावा हात माझ्या पाठीमागे, अंगाला न लागता.

"हात लाव की गं!"

"लावणार नाही. आणि काढणारही नाही."

मी तिला नाही नाही ते बोलले. एकदा रडलेसुद्धा. आणि एकदा दोघी गादीवर पडल्या पडल्या इतक्या हसलो की खालच्या मजल्यावरची बाई काय झालं म्हणून बघायला आली.

मग उठायचं शिकवलं. कुशीवर वळायचं, कोपर, गुडघे, खुर्चीचा आधार, उभं. "आता दोन्ही हात वर," टिल्ली म्हणाली.

"ते कशाला?"

"पंचांना सांगायचं असतं, माझं झालं. मध्ये पडलो असलो तरी. त्याशिवाय खेळ पुरा होत नाही." ती चादरीची घडी घालत राहिली. "माझं तेवढं राहिलंच बघ, ताई. शेवटचं. स्ट्रेचरवर कसले हात वर करणार?"

मला भडभडून आलं. इतकी वर्षं हे तिने पोटात ठेवलं होतं.

रविवारी मुलगा रिकामी खोकी घेऊनच आला. मी गादीवर उभी राहिले आणि पडले.

"आई!" तो धावला. टिल्ली मध्ये आडवी आली. "हात लावायचा नाही."

मी कुशीवर वळले. कोपर. गुडघे. नवऱ्याची खुर्ची. उभी राहिले आणि दोन्ही हात वर केले.

तो एक खोकं छातीशी धरून उभा, डोळे डबडबलेले. "धन्य आहेस, आई," एवढंच म्हणाला. मग ते खोकं त्याने मोडून सपाट केलं आणि दाराबाहेर ठेवलं.

मी म्हटलं, "टिल्ले, इकडे ये. माझ्याशेजारी उभी राहा आणि हात वर कर."

"ताई, तो जात नाही गं."

"माहितीये मला."

डावा तिने वर नेला. उजव्याच्या कोपराखाली मी माझा तळवा घातला आणि हळूहळू उचलत गेले, खांद्यापर्यंत, खांद्याच्याही वर.

"दुखतंय?"

"दुखतंय. सोडू नकोस."

टाचा जुळल्या, मान ताठ झाली. समोर माझा मुलगा होता, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"माझं झालं," टिल्ली म्हणाली.