जैनबचा डावा गुडघा

जैनब मुकादमला राग लहानपणापासूनच लवकर यायचा. दुबईत, करामातल्या त्यांच्या बिल्डिंगखाली, गाड्यांच्या पार्किंगमध्ये, मुलं फुटबॉल खेळायची. ती मुलं जैनबला म्हणाली, तू गोलकीपर हो. म्हणजे कडेला उभी राहा आणि गाडीखाली गेलेला बॉल काढून दे. काही दिवस तिने ते केलं. मग एका संध्याकाळी बॉल काढला आणि परत दिलाच नाही. पायाशी घेऊन, एकेकाला चुकवत, पलीकडच्या टोकाला गेली. त्यानंतर तिला गोलकीपर हो असं कोणी म्हटलं नाही.

तिचे अब्बा, हमीद मुकादम, मूळचे दाभोळचे. अबू धाबीच्याही पलीकडे, रुवैसच्या रिफायनरीत मेंटेनन्सला होते आणि तिथल्या कामगारांच्या टीममध्ये फुलबॅक खेळायचे. पंधरा दिवसांनी कंपनीच्या बसने घरी आले की चहा पिऊन लेकीला खाली न्यायचे. मुलीने फुटबॉल खेळावं का, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. तिचा डावा पाय कच्चा आहे, याची मात्र त्यांना काळजी होती. ते तिला नुसत्या डाव्या पायाने मारायला लावायचे.

शाळेत मुलींना फुटबॉल नव्हता, बास्केटबॉल होता. म्हणून ती बास्केटबॉल शिकली. उंची बेताची, पण पाय आणि डोकं दोन्ही वेगाने चालायची. बारावीला असताना तिच्या शाळेने सलग दुसऱ्यांदा शारजाची स्पर्धा जिंकली आणि त्याच आठवड्यात वासुदेव कर्णिक त्यांच्या घरी आले.

कर्णिक सर शारजातल्या एका नव्या कॉलेजात स्पोर्ट्स डायरेक्टर होते. गोरे, हसतमुख, बोलायला गोड. बिलकीसने, म्हणजे जैनबच्या अम्मीने, त्यांना घावन आणि सुरमईचं कालवण वाढलं. सरांनी दोनदा मागून घेतलं.

"हमीदभाई, आमच्याकडे मुलींची टीमच नाही," सर म्हणाले. "ती हिच्यापासून सुरू करायची आहे. फी माफ. पोरगी माझी जबाबदारी."

परदेशात एवढा मोठा माणूस घरी येऊन मराठीत बोलतोय, याचंच अब्बांना अप्रूप. ते लगेच हो म्हणाले.

हे सत्त्याण्णव साल. जैनब कॉलेजात गेली तेव्हा मुलींच्या नावाने खरोखरच काही नव्हतं. होस्टेलच्या मागे सिमेंटचं एक कोर्ट, बाजूने हिरवी जाळी. तिनेच वर्गावर्गात आणि होस्टेलच्या खोल्यांत फिरून मुली जमवल्या. सुदानची रानिया आली, दोन पॅलेस्टिनी बहिणी आल्या, मल्याळी मुली आल्या. अल नहदा भागातली सुमेधा प्रधान आली. ती लवकरच जैनबची मैत्रीण झाली. पहिल्या वर्षी त्या बहुतेक मॅचेस हरल्या. दुसऱ्या वर्षी जिंकायला लागल्या.

तेव्हा सरांना नवीन कल्पना सुचली. सगळ्या खेळांचे गुण मिळून एक मोठी ट्रॉफी होती. ती हवी असेल तर मुलींनी फुटबॉलमध्येही उतरायला हवं.

"मुली कुठून आणायच्या, सर?" जैनबने विचारलं.

"आहेत की. याच."

म्हणजे त्याच मुलींनी सोमवारी बास्केटबॉल खेळायचा आणि बुधवारी, सात-सात जणींचा, फुटबॉल. एक टीम, दोन जर्सी. बाकीच्या कुरकुरल्या, जैनब मात्र खूश झाली. इतक्या वर्षांनी तिला फुटबॉल मिळाला होता, तोही रेफरी आणि गोलपोस्टसकट. पहिल्या तीन मॅचेसमध्ये तिने सात गोल केले. अब्बा रुवैसहून फोन करून विचारायचे, "डाव्याने किती?"

नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत अजमानच्या कॉलेजशी मॅच होती. ग्राउंड वाळूचं, वरून पाणी मारून रोलर फिरवलेलं. बॉल घेऊन ती झटकन वळली. शरीर वळलं, पण डावा पाय वाळूत रुतून तसाच राहिला. आतून काहीतरी तुटल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला.

सरांनी तिला आपल्या गाडीतून क्लिनिकला नेलं. डॉक्टर मोहिद्दीन हैदराबादचे. त्यांनी गुडघा दाबून, वाकवून पाहिला आणि स्कॅन करायला सांगितला. रिझल्ट कॉलेजला कळवतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सर होस्टेलच्या कोर्टावर आले.

"डॉक्टरांचा फोन आला होता. लिगामेंटला नुसती सूज आहे. पट्टी बांधून खेळायला हरकत नाही म्हणाले."

"खरंच, सर?"

"अगं बाळा, मी खोटं कशाला सांगू? गुरुवारी बास्केटबॉलची फायनल आहे. तुला खेळायचंय ना?"

"खेळायचंय."

ती खेळली. घट्ट पट्टी बांधून, दोन पेनकिलर घेऊन. वेदना होत होत्या, पण नुसती सूज आहे म्हटल्यावर माणूस वेदना सोसतो. दुसऱ्या हाफमध्ये त्यांची टीम पुढे होती. मॅच संपत आली असताना ती बास्केटकडे उडी मारून खाली आली आणि डावा पाय खालून निघून गेल्यासारखी सिमेंटवर कोसळली. तिला पाय सरळ करता येईना. शिट्टी वाजली, मॅच संपली, मुली जिंकल्या. कडेला दोघीजणी तिच्या गुडघ्याला बर्फ लावत होत्या, तेव्हा सर कप हातात घेऊन फोटोला उभे होते. मधेच वळून म्हणाले, "जैनबला उचलून आणा गं, ती फोटोत हवी."

अब्बा सुट्टी टाकून आले आणि तिला त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर मोहिद्दीननी गुडघा पाहिला आणि ते तिच्यावरच भडकले.

"मैंने मना किया था ना? छह महीने खेलना नहीं, दौड़ना भी नहीं. लिगामेंट आधा फटा था, अब पूरा गया. मेनिस्कस, अंदर की गद्दी, वो भी गई."

"किसको मना किया था?" अब्बांनी विचारलं.

"इनके सर को. खुद फोन पे बोला मैंने. उन्होंने बताया नहीं?"

जैनब कुबड्या सावरत उठली. गाडीत बसल्यावर तिने त्या मागच्या सीटवर ढकलल्या. रडू येत नव्हतं. दातांवर दात घट्ट बसले होते आणि ते सुटत नव्हते. अब्बांनी गाडी घरी न नेता सरळ कॉलेजकडे वळवली.

सर ऑफिसातच होते. टेबलावर कप होता.

"सर, डॉक्टर काय म्हणाले होते?" जैनबने कुबड्या भिंतीला टेकवत विचारलं.

"डॉक्टर लोक नेहमी जरा जास्तच सावध बोलतात, बाळा."

"खेळू नको म्हणाले होते."

"तूच म्हणालीस ना, खेळायचंय म्हणून?"

"सूज आहे असं तुम्ही सांगितल्यावर मी तसं म्हणाले. फाटलंय असं सांगितलं असतंत तर मी काय म्हणाले असते?"

सर अब्बांकडे वळले. "हमीदभाई, तुम्ही समजूतदार आहात. मॅनेजमेंटने मला स्पष्ट बजावलं होतं. मोठी ट्रॉफी आली नाही तर मुलींचा खेळ बंद. एवढ्या मुलींचा प्रश्न होता. एका गुडघ्यासाठी..."



"बोला ना," अब्बा म्हणाले. "एका गुडघ्यासाठी काय?"

सरांनी टेबलावरचा कप जरा बाजूला सरकवला.

"तुम्हाला मुलं आहेत?"

"एक मुलगा आहे. शौर्य."

"त्याला खेळवलं असतंत?"

सरांनी बेल दाबली आणि आत आलेल्या शिपायाला म्हणाले, "दोन चहा आण." मग अब्बांना विचारलं, "साखर चालते ना?"

अब्बा उठले. पार्किंगमध्ये त्यांनी तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं. मग म्हणाले, "तक्रार करू. पण कुणाकडे करायची तेच मला कळत नाही. तूच सांग, मी काय करू?"

"तुम्ही काही करू नका," जैनब म्हणाली. "मी करते."

अजून फुटबॉलची एक मॅच उरली होती. ती जिंकली किंवा बरोबरीत सुटली की मोठी ट्रॉफी कॉलेजची. मॅचच्या आदल्या संध्याकाळी जैनब कुबड्यांवर होस्टेलचे दोन जिने चढून रानियाच्या खोलीत गेली. सगळ्या मुली जमल्या. तिने क्लिनिकपासून चहापर्यंत सगळं सांगितलं.

 होस्टेलच्या मुलींचे व्हिसा कॉलेजच्या हातात होते, कॉलेज त्यांना मायदेशी परत पाठवू शकत होतं.

"बट जैनब, आपण खेळलो नाही तर ते टीमच बंद करतील," सुमेधा म्हणाली. "दोन वर्षांची मेहनत आहे यार."

"मी खेळू नका म्हणत नाहीये. उद्या तुमच्यातल्या कुणाचं काही फाटलं, तर सर तुम्हालाही सूजच सांगतील. एवढं सांगायला आले."

रानियाने बेडखालचे आपले गोलकीपरचे ग्लोव्हज काढले आणि कपाटात टाकले. "खलास," ती म्हणाली. "मी नाही खेळणार."

दुसऱ्या दिवशी मुली पूर्ण ड्रेसमध्ये ग्राउंडवर उतरल्या. सरांना वाटलं, सगळं ठीक आहे. रेफरीने टॉससाठी बोलावलं तेव्हा त्या मधल्या रेषेवर ओळीने खाली बसल्या. सुमेधा एकटी उभी होती. रेफरीने शिट्टी वाजवली, पुन्हा वाजवली. समोरच्या टीमच्या मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटी सुमेधा मान खाली घालून ग्राउंडच्या बाहेर निघून गेली. बसलेल्यांमध्ये आली नाही.

सर जवळजवळ धावतच जैनबपाशी आले. ती कडेला खुर्चीवर होती, पाय दुसऱ्या खुर्चीवर.

"यल्ला, चल, उठव त्यांना."

"मी बसवलं नाही, सर. त्यांनी ऐकलं आणि त्या बसल्या."

सर खाली वाकले. त्यांचा आवाज हळू होता आणि गोडवा पार गेला होता. "तुझी लायकी काय होती गं? पार्किंगमध्ये खेळणारी पोरगी. मी घरी येऊन तुला आणलं."

"हो, घरी आलात. माझ्या अम्मीने तुम्हाला जेवायला वाढलं. मी तुमची जबाबदारी आहे असं म्हणालात." तिचा आवाज चढला होता आणि आता सगळं ग्राउंड ऐकत होतं. "आणि लिगामेंट फाटलंय हे माहीत असून मला सिमेंटवर उतरवलंत. आता ओरडा त्यांच्यावर. बघू कोण उठतं."

कोणी उठलं नाही. मॅच दुसऱ्या कॉलेजला बहाल झाली आणि ट्रॉफी गेली.

कॉलेजने त्याच आठवड्यात मुलींचा फुटबॉल बंद केला. कारण दिलं बेशिस्तीचं. जैनबची फीमाफी काढून घेतली. रानियाच्या वडिलांना खार्टुमला कॉलेजचा फोन गेला. पुढच्या वर्षी बास्केटबॉलही बंद झाला. कॅन्टीनमध्ये सुमेधा तिला म्हणाली, "तुझ्यामुळे गेलं सगळं." नवीन आलेल्या मुलीही तेच म्हणायला लागल्या. गुडघ्यापेक्षा हे जास्त झोंबलं.

पण एक गोष्ट जैनबला आधीच दिसली होती. मॅचच्या दुसऱ्याच दिवशी ती होस्टेलमागून जात होती. तिथे हिरवी जाळी काढून ठेवलेली आणि मुलींचं सिमेंटचं कोर्ट अर्धं उखडलेलं. मुलांसाठी जिम बांधायचं होतं. तिथल्या इंजिनिअरने सांगितलं, कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरातच झालंय. म्हणजे मुली जिंकल्या असत्या काय, हरल्या असत्या काय, त्यांचं कोर्ट जाणारच होतं. सरांना ते माहीत होतं की नाही, हे तिला कधी कळलं नाही. माहीत होतं असंच ती धरून चालते. सुमेधाला तिने ते सांगितलं, तर सुमेधा म्हणाली, "व्हॉटेव्हर." त्यांचं बोलणं तिथेच संपलं.

त्या उन्हाळ्यात मुंबईत ऑपरेशन झालं. चालता यायला लागलं, जिने चढता यायला लागले. पण धावताना वळता येईना, आणि जिला वळता येत नाही ती दोन्हीपैकी कुठलाच खेळ खेळू शकत नाही. दोन्ही खेळ मिळून तिची कॉलेजातली कारकीर्द दोन हंगामांची. तेव्हा ती वीस वर्षांची होती.

डिग्री पूर्ण करून ती शारजातल्या एका भारतीय शाळेत पीटी टीचर झाली. मुली तिला घाबरायच्या, पण तिच्या प्रॅक्टिसला दांडी मारायच्या नाहीत.

दोन हजार तीन साली शाळांच्या स्पर्धेत तिला कर्णिक सर पुन्हा दिसले. केस काळे केलेले, गळ्यात दुबईच्या दुसऱ्या कॉलेजचं कार्ड. जैनबच्या टीममधली काव्या पाटणकर, बारावीतली, बास्केटबॉलही खेळायची आणि फुटबॉलही. मॅच संपल्यावर सर तिच्याशी बोलले आणि मग जैनबकडे आले.

"चांगली तयार केलीस पोरगी. अजून रागावली आहेस का माझ्यावर?"

"हो."

"अगं, इतकी वर्षं झाली."

"हो, झाली."

तेवढ्यात काव्या पळत आली. "मिस, सर इज गिव्हिंग मी फुल स्कॉलरशिप."

जैनबने तिला थांबवलं आणि सरांच्या समोरच सगळं सांगितलं. डॉक्टरांचा फोन, पट्टी, सिमेंट, कप, फोटो. आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाली, "सर इथेच उभे आहेत. यातलं काही खोटं असेल तर त्यांना विचार."

काव्याने सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "तो काळ वेगळा होता."

काव्याने थोडा विचार केला. "ओके. देन द डॉक्टर टॉक्स टू मी. नॉट टू यू, सर."

"ऑफ कोर्स," सर म्हणाले.

जैनबला वाटलं होतं, पोरगी नाही म्हणेल. तिला काव्याचाही राग आला. घरी जाऊन तिने अब्बांना रुवैसला फोन केला आणि बराच वेळ बोलली. अब्बांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिला खेळायचंय. तुलाही खेळायचं होतं."

काव्याने ते कॉलेज घेतलं. जैनब तिच्या प्रत्येक मॅचला गेली. शाळा सुटल्यावर थेट बस पकडून जायची आणि सरांच्या बेंचच्या बरोबर मागच्या रांगेत बसायची. काव्या पडली की उभी राहायची, ती उठेपर्यंत खाली बसायची नाही. तीन वर्षांत सर एकदाही मागे वळले नाहीत.